पाणी द्या नाहीतर पाटी काढा

स्वातंत्र्याची किंमत ते गेल्यावर कळते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. पाण्याचंही तसंच असतं. पण दोन्ही एकाच आठवड्यात जाण्याचा योग सगळ्यांच्या कुंडलीत नसतो. बीड जिल्ह्यातल्या कोरडेवाडीच्या बंकट कोरडे याच्या कुंडलीत तो शहाऐंशी सालच्या एप्रिलात आला. (कोरडेवाडी हे नाव कोरडे आडनावाच्या लोकांवरून पडलं आहे. पावसाचा त्यात काही हात नाही.)

बंकट हा श्री जलदेवता सहकारी उपसा सिंचन संस्थेचा मोटार ऑपरेटर. चेअरमन मोहनराव. संस्था संपूर्ण सहकारी तत्त्वावर चालत असे. म्हणजे तळ्यातलं पाणी सर्वांचं, आणि ते जिथं जाई तो ऊस मोहनरावांचा. सभासद एकशे बारा. त्यांतले एकशे सहा मोहनरावांच्या भावकीतले, तीन पाळण्यातले आणि तीन मयत. वार्षिक सभेला गणपूर्ती कधीही कमी पडली नाही. (मयतांची हजेरी जिवंतांपेक्षा नियमित होती, असं सभेच्या वहीवरून दिसतं.)

बंकटला व्यसन कसलंच नव्हतं. खोड मात्र एक होती. भिंतीवर चिकटवलेलं तो वाचायचा. वाचून थांबला असता तर काही बिघडलं नसतं. वाडीत वाचणारे आणखी चार-पाच होते. पण वाचलेलं तो खरं धरायचा.

त्या वर्षी तळ्यात कमरेइतकं पाणी उरलं, तेव्हा वरून हुकूम निघाला की शिल्लक साठा पिण्यासाठी राखीव आहे, उपसा करणाऱ्यावर कारवाई होईल. पंचायतीच्या शिपायानं त्याच्या दोन प्रती खळीनं चिकटवल्या. एक चावडीवर, ती शेळीनं खाल्ली. दुसरी मोटारीच्या खोलीच्या दारावर. ती बंकटनं वाचली, आत जाऊन चालू मोटार बंद केली, स्टार्टरचे तिन्ही फ्यूज उपसून खिशात घातले आणि घरी जाऊन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवले.

"ह्ये काय आणलं?" बायको छबुबाईनं विचारलं.

"सरकारी हुकूम हाय," बंकट म्हणाला, आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. फिर्याद संस्थेची होती: सदर इसमाने तीन फ्यूज लबाडीने नेले, व संस्थेचे पाणी विनाकारण तळ्यात पडून राहू दिल्याने उसाचे नुकसान झाले. पंचांसमक्ष पीठ चाळून मुद्देमाल जप्त झाला. कारवाई होईल असं हुकुमात लिहिलेलं होतं आणि ती झाली. ती कोणावर, एवढंच हुकुमात नीट लिहायचं राहिलं होतं. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार जमीनवाला पाहिजे. वाडीत जमीनवाले म्हणजे संस्थेचे सभासद, आणि सभासद म्हणजे वर सांगितले ते. तेव्हा बंकट आत राहिला.

तालुक्याच्या गावचं दुय्यम कारागृह निजामाच्या काळातलं. भिंती दोन हात रुंद, आणि दारावर दगडी फळी: 'क्षमता : पुरुष १४, स्त्रिया ४.' बंकट आत गेला तेव्हा पुरुष छपन्न होते, तो सत्तावन्नावा. स्त्रियांच्या खोलीत जुनी रजिस्टरं रचलेली होती. (तिथं मात्र गर्दी होऊ नये म्हणून काळजी घेतली जाई, कागद चुरगळतो.)

झोप तीन पाळ्यांत. बंकट नवा म्हणून त्याला शेवटची पाळी मिळाली, सकाळी दहा ते दुपारी चार. संडास एक. चोवीस तासांना सत्तावन्नानं भागलं तर दर माणशी पंचवीस मिनिटं येतात, जी पुरेशी आहेत. अडचण एवढीच की सगळ्यांना आपापली पंचवीस मिनिटं पहाटेच हवी असत. आवारातली विहीर होळीलाच आटली होती. तिच्यात उतरून कुणी पळून जाऊ नये म्हणून तिच्यावर पहारा होता. पाणी सकाळी एक मोठा मग, संध्याकाळी एक मग, मिळून चार लिटर. त्यात प्यायचं, धुवायचं आणि उरलं तर अंगावरून ओला हात फिरवायचा.

बंकटच्या शेजारी मकसूद असे. मकसूद चौसाळ्याचा, हमरस्त्यावर टरबुजांचा गाडा लावणारा. दुष्काळाची पाहणी करायला वरून पथक आलं तेव्हा त्याच्या गाड्यावर टरबुजं कापून मांडलेली होती, लालभडक. पथकासोबत फोटोवाला होता. दुष्काळाच्या फोटोत टरबूज येणं बरं दिसेना, म्हणून मकसूदला 'पाहणीच्या कामात अडथळा' या सदराखाली उचलण्यात आलं. टरबुजं मुद्देमाल म्हणून जप्त झाली आणि नाशवंत असल्यामुळे त्याच दिवशी त्यांची विल्हेवाट लावण्यात आली. (बिया सीलबंद आहेत.)

बराकीत वाचण्यासारखी वस्तू एकच होती. समोरच्या भिंतीवर निळ्या रंगाची लोखंडी पाटी होती, 'कैद्यांचे हक्क', कुठल्याशा सुधारणा सप्ताहात लावलेली. रोज अंघोळ. पिण्यास भरपूर स्वच्छ पाणी. निजण्यास स्वतंत्र जागा. अशी सात कलमं, आणि सातवं असं की तक्रार असल्यास कैदी कोर्टाला पत्र लिहू शकेल. बंकटनं ती पाटी पहिल्या दिवशी तीनदा वाचली. बाविसाव्या दिवशी तो म्हणाला, "मकसूदभाई, ह्यातलं एकबी कलम चालू न्हाई."

"अरे बे, पाटी है वो," मकसूद म्हणाला. "मैं भी गाड्यावर लिहायचो, 'हर टरबूज लाल'. सब लाल निकलते क्या?"

"न्हाई निघालं तर गिऱ्हाइक येऊन बोलतंय का न्हाई?"

मकसूदनं थोडा विचार केला. "बोलता तो है," तो म्हणाला, आणि आपल्याजवळचं एक कोरं पोस्टकार्ड त्याला दिलं.

कार्डावर मजकूर असा: 'मेहेरबान हायकोर्ट साहेबास बंकट कोरडे कैदी याचा रामराम. हितं भिंतीवर पाटी हाय. पाटीवर रोज आंघोळ लिवली हाय. मला बावीस दिस झाले, आंघोळ न्हाई. सत्तावन माणूस हाय, जागा चौदाची हाय. पानी दोन मग हाय. तरी मेहेरबानी करून पानी द्या, न्हाईतर पाटी काढा. रोज खोटं वाचून डोळं दुखतेत.'

बाहेर जाणारं प्रत्येक पत्र जेलर राधाकिशन स्वतः तपासत. राधाकिशन नियमाचे पक्के. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. पत्रात पळून जाण्याचा बेत असेल तर रोखावं, असा नियम होता. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. हा इसम बाहेर जाऊ देण्याबद्दल काहीच म्हणत नव्हता. उलट आत नीट राहण्याची इच्छा व्यक्त करत होता. त्यांनी 'पानी' दोन्ही ठिकाणी 'पाणी' केलं, 'तपासले' असा शिक्का मारला आणि कार्ड टपालात टाकलं.

हायकोर्टानं त्या कार्डालाच अर्ज मानलं, नंबर दिला, आणि सरकारला नोटीस काढली.

नोटीस येताच प्रशासन खडबडून जागं झालं. अर्जदारानं दोनच गोष्टी मागितल्या होत्या, पाणी द्या किंवा पाटी काढा. त्यांतली जी तातडीनं करण्याजोगी होती ती चोवीस तासांत करण्यात आली. पाटी काढली. (एवढ्या वेगानं मान्य झालेली कैद्यांची मागणी जिल्ह्याच्या इतिहासात दुसरी नाही.) मग त्रेचाळीस पानांचं प्रतिज्ञापत्र तयार झालं. त्यात म्हटलं होतं की तक्रारीचं मूळ कारणच आता भिंतीवर उरलेलं नाही. शिवाय अर्जदाराच्या मूळ गावाशी तुलना करणारा एक तक्ता जोडला होता:

पाणी : कारागृहात दर माणशी रोज चार लिटर, मौजे कोरडेवाडी येथे अडीच लिटर (टँकर दर चौथ्या दिवशी).

जेवण : कारागृहात दोन वेळा, मौजे मजकूर येथे माहिती उपलब्ध नाही.

वैद्यकीय तपासणी : कारागृहात महिन्यातून एकदा, मौजे मजकूर येथे एकदा, सन १९७९ साली, डॉक्टरांची जीप बंद पडल्यामुळे.

संडास : कारागृहात एक, मौजे मजकूर येथे शिवार.

संरक्षण : कारागृहात बंदूकधारी शिपाई चार, मौजे मजकूर येथे कुत्री.

'सबब,' शेवटी लिहिलं होतं, 'अटकेमुळे अर्जदाराचे राहणीमान सुधारलेच आहे.' 

तेव्हा कोर्टानं विचारलं, पाटी कुठं आहे? ती हजर करा. अर्जदारालाही हजर करा.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन शिपाई, एक कैदी आणि एक लोखंडी पाटी असे चौघे औरंगाबादच्या यष्टीत बसले. पाटी सहा फुटांची. कंडक्टर म्हणाला, ही टपावर. शिपाई म्हणाले, ती पुरावा आहे, नजरेआड करता येत नाही. शेवटी पाटी मधल्या वाटेत उभी राहिली आणि बेडी घातलेल्या हातानं बंकटनं ती धरली. वाटेत चढणारे-उतरणारे ती वाचत. गेवराईला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "ह्यो लॉज कुठं हाय म्हणायचा?"

कोर्टाच्या ओसरीत एक नळ होता आणि तो नीट बंद होत नव्हता. थेंब, थेंब, थेंब. बंकटनं खाली बसून तोंड लावलं. शिपायांनी आधी ओढलं. मग तेही बसले.

न्यायमूर्ती वयस्कर होते. त्यांनी पाटी वाचली, तक्ता वाचला, मग चष्म्यावरून बंकटकडं पाहिलं.

"बंकट कोरडे, तुमच्या गावापेक्षा तुरुंगात पाणी जास्त आहे असं सरकार म्हणतं. खरं आहे?"

"खरं हाय साहेब."

सरकारी वकिलांनी मान डोलावली. अर्जदार इतका सहकार्य करील असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मग तक्रार कसली?"

"साहेब, वाडीत भिंतीवर कायबी लिवल्यालं न्हाई. लिवलं असतं तर तिकडूनबी कार्ड टाकलं असतं."

न्यायमूर्तींनी पुढ्यातला पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला नाही, बाजूला ठेवला. निकाल त्याच दिवशी सांगितला. माणूस सरकारच्या ताब्यात असला म्हणून माणूस असायचा थांबत नाही. प्रत्येक कैद्याला रोज चाळीस लिटर पाणी. निजायला आवारात पत्र्याची शेड. आठ दिवसांत अंमल. आणि पाटी होती तिथं परत.

परत येताना पाटीचं वजन बंकटला निम्मं वाटलं. मकसूदनं बराकीच्या दारात त्याला उचलूनच घेतलं. "बंकटभाई, तू तो वकील निकला रे!"

आठवा दिवस उजाडला आणि कारागृहाच्या दारात टँकर उभा राहिला. बंकट पाण्याच्या भरलेल्या बादलीसमोर बसला. पहिला तांब्या डोक्यावर घेतला तसं त्याला रडू आलं. पण अंगावरून पाणीच ओघळत असल्यामुळे कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

हा टँकर कुठून आला, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. मुलाखतीच्या जाळीपलीकडं छबुबाई उभी होती. ओठ फुटलेले, पदर घामानं चिकटलेला.

"तुमी जितलात म्हणं," ती म्हणाली.

"व्हय. तुला कुनी सांगितलं?"

"टँकरनं सांगितलं. ह्या खेपेला वाडीत आलाच न्हाई. येताना बघितलं तर हितं दारात उभा. आपलाच हाय. सटवाच्या बैलगाडीनं पाडलेला पोचा तसाच हाय मागं."

बंकटनं जाळी दोन्ही हातांनी धरली. "कावून? आपलाच कावून उचलला?"

त्याचं उत्तर फायलीत आहे. तालुक्यात जादा टँकर नव्हता. कोर्टाचा हुकूम टाळता येत नव्हता. तेव्हा कोणत्या गावचा टँकर काढल्यास कमीत कमी तक्रारी येतील, याचा शास्त्रशुद्ध आढावा घेण्यात आला. कोरडेवाडीची एप्रिलनंतरची एकही तक्रार नोंदीवर नव्हती. कारण वाडीतून तक्रार करणारा एकमेव इसम सध्या तुरुंगात होता.

"तळं?" बंकटनं विचारलं.

"तुमी आत गेलात आन् चौथ्या दिशी नवं फ्यूज बसलं. तळ्यात आता मोटारीचा पाइप तेवढा हाय, उघडा." तिनं फुटलेले ओठ पदरानं टिपले. "शेजारच्या बायनाबाईची नात आजारी हाय. तोंडात घालाया पाणी न्हाई. म्या म्हणलं, बघून यावं तुमी कसं हाव. बरं दिसतायसा. आंघोळ झालीया जणू."

ती हे टोमण्यानं म्हणाली नव्हती. म्हणूनच बंकटला ते लागलं.

तो सरळ राधाकिशन जेलरांपुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, माझं चाळीस लिटर बायकोला देऊ द्या."

राधाकिशनांनी नियमपुस्तक काढलं आणि दोन दिवस वाचलं. बाहेरून आत काय येऊ नये याबद्दल सदतीस कलमं होती: तंबाखू, सुरी, दोर, आरसा, वगैरे. आतून बाहेर काय जाऊ नये याबद्दल एकच कलम होतं: कैदी. पाण्याचा उल्लेख नव्हता. शिवाय टँकर रोज आठ हजार लिटरचा येई, कैद्यांना लागे तेवीसशे. उरलेलं परत न्यावं तर कोर्टाचा अवमान होईल, या भीतीनं तो दारातच ओतून रिकामा केला जात असे. राधाकिशनांनी रजिस्टरात नवा रकाना आखला: 'मुलाखतीस आलेल्या नातेवाइकास पाजलेले पाणी (घागरीसह).'

त्या दिवसापासून कोरडेवाडीची माणसं दोन कोस चालत नातेवाइकांना भेटायला येऊ लागली. बंकटचा मुलाखतीचा कोटा संपल्यावर बाकीच्या छपन्नजणांनी आपापला दिला. रजिस्टर बघितलं तर त्या महिन्यात बराकीतल्या कैद्यांना एकूण सातशे बारा नवे नातेवाईक मिळाल्याचं दिसतं.

"मकसूद," राधाकिशन विचारत, "ह्या बायनाबाई कोरडे तुझ्या कोण?"

"फुप्पी है साहेब."

"आणि ह्या मागच्या अकराजणी?"

"फुप्पी की ननंदा."

बायनाबाई सत्तरीची. ती जाळीला हात लावून म्हणाली, "न्हवं, ल्योकच हाय माझा ह्यो. नीट लिवा." राधाकिशनांनी 'आत्या' खोडून 'आई' लिहिलं. मकसूदची खरी आई, चाँदबी, त्याच रांगेत मागं उभी होती. ती म्हणाली, दोन असल्या तर काय बिघडतं. नात आठ दिवसांत बरी झाली. हिशेब केला तर कोरडेवाडीला माणशी रोज सात लिटर पडत होतं, म्हणजे स्वतंत्र असताना मिळत होतं त्याच्या जवळजवळ तिप्पट. (तुरुंगमार्गे पाणीपुरवठ्याची ही योजना शासनानं अन्यत्र का राबवली नाही, हे समजत नाही.)

पाऊस त्या वर्षी फिरकलाच नाही, त्यामुळे हे असंच चाललं असतं. पण जुलैत मोहनरावांना अटक झाली.

प्रकरण चारा छावणीचं होतं. मोहनरावांच्या छावणीत चौदाशे जनावरं नोंदवलेली होती. तपासणीला तीन सापडली, त्यांतला एक रेडा तपासणी अधिकाऱ्यांचाच होता. मोहनराव आत आले, तिथल्या एकुलत्या खुर्चीवर बसले आणि दारातली घागरींची रांग बघून फार व्यथित झाले.

"किती हा अव्यवस्थितपणा," ते म्हणाले. "पाणी देणं हा दयेचा विषय न्हाई, भावांनो. सहकाराचा हाय."

चार दिवसांत 'बंदिवान सहकारी पाणीवाटप संस्था मर्यादित (नियोजित)' उभी राहिली. मोहनराव बिनविरोध चेअरमन. (विरोधात उभा राहणाऱ्याला नव्या शेडमध्ये वाऱ्याची जागा मिळाली आणि त्यानं अर्ज मागं घेतला.) वरच्या कचेरीलाही बरं वाटलं; कैद्यांनी सुधारून सहकाराच्या वाटेला लागावं, याहून शासनाला आणखी काय हवं असतं? पोटनियम झाले. टँकरमधलं उरलेलं पाणी संस्थेचं. ते आधी 'मुक्या जनावरांसाठी' मागच्या भिंतीवरून पाइपानं जाईल. भिंतीपलीकडं मोहनरावांच्या मेहुण्याचं रान होतं. मुकी जनावरं अजून यायची होती, तोवर तिथं उसाचं बेणं लावलं. नातेवाइकांना उरेल त्यातून.

मोहनराव मोठ्या मनाचे. त्यांनी बंकटच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं इसरून जा. पाइपावर ऑपरेटर लागंल. तुला अनुभव हाय."

"मला न्हाई जमायचं, चेअरमन."

"कावून बे? आत बसून पण माज गेला न्हाई का?"

"म्या बाहेर बी पाणी राखाया गेलतो," बंकट म्हणाला. "तुमीच आत घातलं."

दुसऱ्या आठवड्यात छबुबाई रिकामी घागर घेऊन परत गेली. तिसऱ्या आठवड्यात आलीच नाही. बंकटनं मकसूदकडून दुसरं कार्ड घेतलं. 'मेहेरबान साहेबास रामराम. पाणी मिळालं. पर ते माझ्या वाडीच्या तोंडचं काढून मला दिलंय. तरी माझा हक्क परत घ्या आन् टँकर वाडीला द्या. आमी पहिल्यागत दोन मगावर ऱ्हाऊ. मकसूदला इचारलंय, तो हो म्हणतो.'

कोर्टानं त्याला एक वकील नेमून दिले होते. ते तरुण होते, घाम पुसत भेटायला आले आणि त्यांनी समजावून सांगितलं की मूलभूत हक्क ही अशी वस्तू आहे जी घेणाऱ्याला परत करता येत नाही. कैद्यानं हात जोडले तरी सरकार त्याला चाळीस लिटर पाजणारच.

"पण एक झालंय," वकील म्हणाले. "तुमचं कार्ड वाचून न्यायमूर्तींनी विचारलं की हा माणूस आत कशासाठी आहे. तीन फ्यूज म्हटल्यावर त्यांनी मूळ फिर्यादीची फाइल मागवली. तुमचा जामीन जातमुचलक्यावर झालाय. जामीनदार नको. सही करा आणि घरी जा."

मोहनरावांच्या छातीत त्याच दिवशी दुखू लागलं आणि ते दवाखान्यात हवा खायला गेले. संस्था मात्र चालू राहिली. संस्थांना छाती नसते.

फाटकाबाहेर आल्यावर बंकटला तहान लागली. टँकर रिकामा होत होता. त्यानं ओंजळ पुढं केली तर शिपाई म्हणाला, "बंकट, आता तुला न्हाई देता येत बाबा. तू सुटलास." शिपाई वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तेही त्याला देता येत नव्हतं.

वकील चौकापर्यंत सोबत आले. बंकटनं विचारलं, "साहेब, आता वाडीच्या वतीनं एक कार्ड टाकू का?"

"टाका. पण लागेल वेळ. कैद्याचं कसं, सरकारनं त्याला कोंडलेलं असतं, तो विहिरीवर जाऊ शकत नाही. म्हणून त्याला पाणी देणं सरकारला चुकत नाही. तुमच्या वाडीला कुणी कोंडलंय? तुम्ही कुठंही जायला मोकळे आहात."

बंकटनं हे वाडीत जसंच्या तसं सांगितलं. चावडीपुढं माणसं जमली होती, बायका कडेला. पुरुष विचारात पडले. कुणी म्हणालं मोर्चा काढू, कुणी म्हणालं मोर्चात घसा सुकतो. तेव्हा बायनाबाई उठली.

"मंग आमाला कोंडा की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

हसायला कुणाजवळ थुंकी नव्हती. छबुबाईनं अनुमोदन दिलं. ठराव सर्वानुमते झाला आणि बंकटनं तो सुवाच्य अक्षरात लिहिला: 'मौजे कोरडेवाडी हे गाव रहिवाशांसह खुले कारागृह म्हणून घोषित करावे. सर्व रहिवासी, बायकापोरांसह, गुन्हा कबूल करण्यास तयार आहेत. कोणता ते कळवावे. पहारा आमचा आम्ही देऊ. पळून जाण्यास कोणाच्या अंगात बळ नाही.'

अर्ज हसण्यावारी गेला नाही, हे इथं नमूद केलं पाहिजे. आपल्याकडं प्रत्येक अर्जाची दखल घेतली जाते. भादव्यात तुरुंग खात्याचे एक तपासणी अधिकारी जीपमधून आले. सोबत त्यांचं स्वतःचं पाणी होतं आणि चार पानी छापील नमुना होता. त्यांनी संपूर्ण वाडी पायी फिरून पाहिली. माणसं मोजली, घरं टेपनं मोजली, आडात दगड टाकून ऐकलं. बायनाबाईच्या नातीचा हात धरून मनगटाचा घेर मोजला, कारण नमुन्यात तसा रकाना होता. जाताना त्यांनी आपला कॅन छबुबाईच्या ओट्यावर ठेवला आणि विसरलो असं दाखवून निघून गेले. माणूस भला होता. अहवाल मात्र त्यांना नियमानुसारच द्यावा लागला.

उत्तर दिवाळीच्या तोंडावर आलं. बंकटनं ते चावडीपुढं उभं राहून मोठ्यानं वाचलं.

'विषयांकित प्रस्तावाची प्रत्यक्ष स्थळपाहणी करण्यात आली. सदर ठिकाणी पिण्याचे पाणी, संडास, वैद्यकीय सोय, दोन वेळचा आहार व निवाऱ्याची किमान जागा यांपैकी काहीही आढळून आले नाही. अशा ठिकाणी कैदी ठेवणे हे त्यांच्या मूलभूत हक्कांचे गंभीर उल्लंघन ठरेल. सबब मौजे कोरडेवाडी हे गाव कैदी ठेवण्यास अयोग्य असल्याने प्रस्ताव नामंजूर करण्यात येत आहे. सध्या तेथे राहत असलेल्या निरपराध नागरिकांनी राहणे चालू ठेवण्यास या कार्यालयाची हरकत नाही.'

वाचून झाल्यावर बायनाबाईनं विचारलं, "म्हंजी काय म्हणलं रं?"

"म्हणलं, ऱ्हावा," बंकट म्हणाला.

तो चार पानी छापील नमुना अजून मागणी केल्यास मिळतो. वाचकांनी आपल्या गावासाठी, गल्लीसाठी, परवडत असल्यास स्वतःच्या घरासाठी तो जरूर भरून पाहावा. रोज किती लिटर येतं, निजायला दर माणशी किती फूट, डॉक्टर शेवटचा कधी आला होता, सगळे रकाने सोपे आहेत. गुण कमी पडले तर घाबरून जाऊ नये. आपण काही गुन्हा केलेला नाही. तेव्हा आपल्याला ते चालतं.